मोजेवाला

शुक्रवारची नमाज आटोपून गिऱ्हाईक आलं,
बुरेमीहून, पिकअपमध्ये रिकामे पिंजरे,
नाव हमूद, दाढीला मेंदी.
अरबाब खजुराच्या सावलीत काहवा ओतत होता.
मला म्हणाला, सांग याला, काय गुण आहेत या जातीचे.

माझ्या अरबीत एकूण सात शब्द.
कबीर, म्हणालो. मोठी.
झैन. चांगली.
मुश्किल माफी.

बाकीचं मराठीतच राहिलं. ते असं:

हमूदशेठ, हा कोंबडा उचलून बघा.
दोन्ही हात लावा, एका हाताला लाजवील.
पाच किलो, वर पायातले पिसांचे मोजे.
नाव ब्रह्मा. तोंडं चार नाहीत, एकच आहे,
तेही बहुतेक वेळ बंद.

तुरा बघा. तुरा म्हणायचा आपला,
मटाराच्या तीन रांगा डोक्यावर चिकटवल्यासारखा.
थंड मुलखात गोठू नये म्हणून आखूड.
ओमानच्या सहममध्ये काय गोठणार,
इथे अंगातली आग तुऱ्यातूनच बाहेर जायची असते.
म्हणजे अंगरखाच चुकीच्या गावचा.
मीही पहिल्या वर्षी स्वेटर आणला होता.

कुंपण कमरेएवढं पुरे.
आमच्या पोलादपूरच्या गावठ्या तिन्हीसांजेला फणसावर चढायच्या,
उतरवायला काठी आणि शिव्या दोन्ही लागायच्या.
ही वीतभर उंच फळीवर बसते,
तीही चारदा विचार करून.

खाते. ते लपवत नाही.
अरबाबच्या वहीत मका लाल शाईत आहे.
अंड्यावर यायला सात महिने, कधी आठ.
घाई असेल तर पांढऱ्या ब्रॉयलर घ्या,
चाळीस दिवसांत कापायला तयार,
पन्नासाव्या दिवशी स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत.

जूनमधली एक रात्र सांगतो.
कूलर बंद पडला.
समुद्राकडून वारा नाही, हवा भिजल्या घोंगडीसारखी.
नुरुल आणि मी पोत्यांवर पाणी मारत होतो,
विहिरीचं, खारट. पोतं वाळलं की वर पांढरं मीठ.
आमच्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून
तांबडं फुटायचं राहत नाही.
आम्ही सगळी झाकली.
तांबडं फुटलं सव्वापाचला,
आणि पलीकडच्या शेडमध्ये पांढऱ्या तीनशे दहा
जिथल्या तिथे.
आकडा माझा नाही, नुरुलनं फावड्यानं मोजला.

या? या मध्यरात्रीच शेडमधून निघाल्या होत्या,
एकामागे एक, वरमायांच्या चालीनं,
आणि खजुराच्या आळ्यात जाऊन उभ्या राहिल्या,
पाण्यात, मोज्यांसकट.
पंख अंगापासून सुटे धरून, चोची उघड्या.
आवाज नाही, नुसता श्वास. चाळीस जणींचा.
कोणी शिकवलं नव्हतं.
सकाळी दोन गेल्या होत्या. दोनच.

एक मात्र आळ्यात आली नव्हती.
करडी, डाव्या पायाचं एक नख नसलेली,
अकरा अंड्यांवर बसलेली.
मान लांब, डोळे अर्धे मिटलेले, पण बसलेली.
मी ओल्या फडक्यानं तिच्याभोवतीची जमीन भिजवत राहिलो.
तिनं माझं मनगट फोडलं.
हे बघा, वण आहे.
नऊ निघाली.

हे सगळं मी बोललो नाही.
मुश्किल माफी, परत एकदा म्हणालो.

हमूदनं बोटं दाखवली, अरबाबनं बोटं दाखवली,
मधेच दोघांनी कोणाच्या तरी तब्येतीची चौकशी केली,
आणि सौदा ठरला. एक कोंबडा, चार माद्या.
पिंजरे भरताना त्यानं करडीकडे बोट केलं.

सात शब्दांत एक होता
जो पाच वर्षांत मी फारसा वापरला नव्हता.
ला, म्हणालो.

अरबाबनं माझ्याकडे बघितलं.
मनगटाकडे नाही, तोंडाकडे.
फिंजान हलवून खाली ठेवली.
ला, तोही म्हणाला.

हमूदनं दुसरी घेतली.
झैन, मी म्हणालो, पिंजऱ्याची कडी लावताना.
हीपण झैन.